रस्त्याची एक कड

रविवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला, तेव्हा मी गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होते. 'हौसाबाई भंडारदरा' असं नाव दिसलं, म्हणून फोन कानाला लावताच मी म्हटलं, "काय गं, आज इतक्या सकाळी?" पलीकडे हौसाबाई नव्हती. तिची सून सुरेखा होती. "बाई... आत्या गेल्या," ती म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. मी विचारलं, "कुठे गेल्या?" पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईने विचारलेला याहून मूर्ख प्रश्न नसेल. सुरेखा म्हणाली, "काल सांजच्याला. रस्त्यावरच. जीपमधी."

दोन दिवसांनी एका वर्तमानपत्रात मोठा रंगीत फोटो आला. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता, आणि त्यावर गाड्यांच्या दिव्यांची न संपणारी रांग. खाली ओळ होती, की काजवे पाहायला पर्यटकांची अलोट गर्दी, जणू जमिनीवरच काजव्यांची माळ. फोटो शनिवारच्या संध्याकाळचा होता. त्या माळेतले दोन दिवे हौसाबाईला नेणाऱ्या जीपचे होते. ते दिवे पुढे सरकत नव्हते, म्हणूनच ती गेली. फोटो काढणाऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ती ओळ वाचली आणि मी तो पेपर बंद करून टाकला. लोक म्हणाले, राग ओसरला की लिहा. पाच आठवडे वाट पाहिली. ओसरत नाही, म्हणून तसंच लिहिते आहे.

हौसाबाईची आणि माझी ओळख भांडणातूनच झाली. मी नगरच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी आठवीच्या मुलींना घेऊन डिसेंबरात भंडारदऱ्याला दोन दिवसांचं शिबिर काढलं. तंबू भाड्याने आणले, जागा नकाशावर ठरवली. जलाशयाच्या काठाला सपाट माळ, समोर पाणी, पाण्यापलीकडे डोंगरांची रांग. मुली खुंट्या ठोकत होत्या, तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक पस्तिशीची बाई वाटेवर थांबली. भारा न उतरवताच म्हणाली, "हितं नका टाकू, बाई." मी विचारलं, का? "सांजच्याला खिंडीतून वारं सुटतं, ते नीट हितंच येतं." मी शिक्षिका. मी पिशवीतून नकाशा काढला, तिला उंचीच्या रेषा दाखवल्या, आम्ही पूर्ण अभ्यास करून आलो आहोत, असं ऐकवलं. तिने नकाशाकडे नीट बघितलं, तुच्छतेने नाही, कुतूहलाने. मग विचारलं, "याला वारं लागतं व्हय?" आणि गेली.

पाचला वारा सुटला. सहापर्यंत निम्मे तंबू आडवे झाले होते, दोन तर पाण्यात जाऊन पडले आणि मुली रडायला लागल्या. तेवढ्यात समोरून हौसाबाई आणि तिचा नवरा भिवाजी चालत येताना दिसले. दोघांच्या हातात दोर होते. कोणी बोलावलं नव्हतं. तिला ठाऊकच होतं. तासाभरात सगळ्या मुली तिच्या भाताच्या खाचरात, उंच बांधाच्या आडोशाला, कापणी झालेल्या कोरड्या जमिनीवर आल्या. तिथे वाऱ्याचा नुसता आवाज येत होता. तिने भात आणि हुलग्याचं कढण केलं. त्या संध्याकाळी ती एकदाही "मी सांगितलं होतं" असं म्हणाली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी निघताना म्हणाली, "फुडल्या वर्षी येयाच्या आदी मला इचारा."

पुढच्या वर्षापासून मी विचारू लागले. विचारता विचारता माझ्या लक्षात आलं, की शिबिराचं नियोजन म्हणून आम्ही जे काही करत होतो, ते म्हणजे सामानाची यादी. खरं नियोजन या चौथी शिकलेल्या बाईच्या डोक्यात होतं. तिचा क्रम ठरलेला. आधी संडासाची जागा, मग पाणी, मग चूल, आणि सगळ्यात शेवटी तंबू. "लोकं उलटं करत्यात," ती म्हणायची. "आदी देखावा बघत्यात. मग सकाळी डबा घेऊन हिंडत्यात." तिच्या विहिरीला उन्हाळ्यात जेवढं पाणी असायचं, तेवढ्याच माणसांना ती हो म्हणायची. दहाच्या वर अकरावा तंबू तिने कधी लावू दिला नाही, मी गळ घातली तरी नाही. येणाऱ्यांत कोणाला दमा आहे, कोणाला साखर आहे, कोण पोटुशी आहे, हे ती आधी फोनवर विचारायची. पाहुण्यांना ते आगाऊपणाचं वाटायचं. एकदा एका गृहस्थांनी मला सुनावलं, "आम्ही मजा करायला चाललोय, मॅडम, दवाखान्यात भरती व्हायला नाही." त्याच गृहस्थांच्या आईला तिथे चक्कर आली, आणि हौसाबाईने शेजारच्या पुतण्याची जीप आधीच रस्त्याकडे तोंड करून उभी ठेवलेली होती. म्हातारी तासाभरात राजूरच्या दवाखान्यात पोहोचली. दुसऱ्या दिवशी परत येऊन तिने नाचणीची भाकरी खाल्ली.

त्यानंतर तिने दोन खोल्या बांधल्या. कारवीच्या कुडाच्या, वर कौलं, आत शेणाने सारवलेली जमीन. आता तिकडे जो तो कॉटेज बांधतो. ही मात्र 'म्हाताऱ्यांच्या खोल्या' म्हणायची. "म्हातारं मानूस तंबूत वाकून शिरतं, पन सकाळी भायेर कसं येनार?" तरुण जोडप्यांनी जास्त पैसे देऊ केले, तरी त्या खोल्या तिने कधी त्यांना दिल्या नाहीत. आमची शाळा सुटली, मी निवृत्त झाले, तरी मी ओळखीच्या लोकांना तिच्याकडे पाठवत राहिले. दर हंगामाआधी मी दोन दिवस जाऊन राहायचे. आम्ही दोघी मिळून येणाऱ्या गटांचं ठरवायचो. ती बोलायची, मी लिहायचे. 'तुम्ही'वरून मी 'तू'वर कधी आले, आठवत नाही. ती मात्र शेवटपर्यंत 'बाई'च म्हणाली.

मग काजव्यांचं खूळ आलं. काजवे तिथे पूर्वीपासूनच होते. मे संपता संपता हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात. हौसाबाई दिवे लागल्यावर आम्हाला एका झाडाखाली न्यायची आणि बसवून ठेवायची. बॅटरी लावायची नाही, बोलायचं नाही. पण मोबाईलवर व्हिडिओ फिरले, शहरातल्या लोकांनी काठाच्या जमिनी वर्षाच्या करारावर घेतल्या, आणि चार-पाच वर्षांत पाण्याला लागून तंबूच तंबू झाले. कोणी संडास खणले नाहीत. कोणी पाणी मोजलं नाही. जेवढे फोन येतील तेवढ्यांना हो. शनिवारी दुपारपासून गाड्या यायच्या आणि रस्ता संपला की जिथे जागा मिळेल तिथे घुसायच्या. हौसाबाईच्या भाताच्या रोपात एकदा तीन गाड्या उभ्या होत्या. तिने हटकलं, तर आतला माणूस म्हणाला, "गवतच आहे ना, मावशी?" हे सांगताना ती हसली होती. मला हसू आलं नाही.

मागच्या वर्षी तिने ठरवलं, की नुसतं बोलून भागायचं नाही. मला बोलावून घेतलं. मी शाळेतला जुना मोठा कागद आणि रंगीत खडू नेले. जमिनीवर बसून तिने सांगितलं आणि मी काढलं. जलाशय, भोवतीचा रस्ता, वाड्या. गावाच्या अलीकडे मोठा मुरमाड माळ आहे, तिथे सगळ्या गाड्या थांबवायच्या. पुढे गावातल्याच जीपने लोकांना न्यायचं. माळावर गाड्या एका बाजूने आत येतील आणि दुसरीकडून बाहेर पडतील. तंबू किती, ते ज्याच्या त्याच्या पाण्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं तिने दोनदा सांगितलं, "रस्त्याची एक कड मोकळी पायजे. काय बी झालं तरी." मी विचारलं, याच्यावर इतका जोर का? तर म्हणाली, "बाई, बाळंतीन अडली तर? कोनाला पान लागलं, साप चावला, तर? आमी इथं बारा म्हयने ऱ्हातो. पावन्यांचा शनिवार असतो, आमचा बी असतोच ना."

तो कागद घेऊन आम्ही ग्रामसभेत गेलो. मी तिथे होते, म्हणून हे ऐकीव नाही. तिने उभं राहून सगळं नीट समजावलं. बाया माना डोलवत होत्या. मग काठावरच्या सगळ्यात मोठ्या तंबूवाल्याने, पांढरे बूट घातलेल्या एका शहरी गृहस्थाने, हसत म्हटलं, "मावशी, गर्दी झाली तरच धंदा. गर्दी अडवली तर सगळं गाव उपाशी." मागून कोणीतरी ओरडलं, "मावशींना शिट्टी द्या, ट्रॅफिक पोलीस करा!" आणि सभा हसली. हौसाबाई हसू संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "द्या की शिट्टी. वाजवीन." तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. सूचना चांगली आहे, बघू, असं ठरलं. पुढे आम्ही तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. मी स्वतः लिहिला, नम्र विनंती वगैरे शब्द घालून. तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा अर्ज दुसऱ्या खात्याकडे, तिसऱ्यांदा 'वरून आदेश आला की बघू'. बाहेर चहाच्या टपरीवर ती मला म्हणाली, "वर म्हंजी किती वर असतं, वो बाई?"

आता त्या शनिवारचं सांगायला हवं. सांगायचं टाळत होते, कारण यात मीही आहे.

माझी पुण्याची भाची अनघा त्या आठवड्यात मागे लागली होती, की मैत्रिणींबरोबर काजवे बघायला जायचंय, तुझ्या ओळखीचं कोणी असेल तर सांग. मी हौसाबाईला फोन केला. ती म्हणाली, "शनिवारी नको, बाई. मंगळवारी पाठवा. शनिवारी रस्ताच ऱ्हात न्हाई." अनघाला सुट्टी शनिवारचीच. मी तिला हौसाबाईकडे पाठवलं नाही, पण जाऊ नकोस, असंही म्हटलं नाही. कुठून कसं जायचं, ते समजावून सांगितलं आणि काठावरचा एक तंबू तिने स्वतःच शोधला. शनिवारी सव्वासहाला तिचा फोटो आला. पुढे-मागे गाड्याच गाड्या. खाली लिहिलं होतं, 'मावशी, काजव्यांऐवजी गाड्यांचे लाल दिवे बघतोय!' मी तिला हसरा चेहरा पाठवला... तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

सुरेखाने मला नंतर सगळं सांगितलं. चारच्या सुमाराला हौसाबाईच्या छातीत कळ आली. पित्त असेल म्हणून तिने लिंबूपाणी घेतलं. पाचला डावा हात दुखायला लागला आणि घाम फुटला, तेव्हा भिवाजीने पुतण्याला जीप काढायला लावली. वाडीपासून दोन किलोमीटर जीप नीट गेली. मग गाड्या लागल्या. रस्त्याच्या दोन्ही कडांना लावलेल्या, मधे अडकलेल्या, समोरून येणाऱ्या. सुरेखा खाली उतरून पुढे धावली. एकेका गाडीजवळ जाऊन "पेशंट हाय, जरा सरका" म्हणत सुटली. सगळी माणसं वाईट नव्हती. एक तरुण गाडीतून उतरून तिच्याबरोबर धावला, आणखी दोघांनी आपापल्या गाड्या फूटभर, दोन फूट सरकवल्या. पण सरकून जाणार कुठे? कडच राहिली नव्हती. पुढे एका तंबूच्या कमानीशी मोठ्याने गाणी लावलेली होती. तिथे कोणाला काही ऐकूही गेलं नाही. तासाभरात जीप कशीबशी वळणावरच्या जांभळापर्यंत पोहोचली. सुरेखा जीपशी परतली, तेव्हा हौसाबाई भिवाजीच्या मांडीवर डोकं टेकून बाहेर बघत होती. तिने हात उचलून बाहेर दाखवलं आणि म्हणाली, "मी सांगितलं हुतं. एक कड... एक कड ठिवा म्हनलं हुतं." त्यानंतर ती बोलली नाही. गाड्यांतच अडकलेला एक डॉक्टर पळत आला. त्याने नाडी बघितली, छाती दाबून पाहिली, पुष्कळ वेळ पाहिली. मग तो रस्त्यातच खाली बसला.

मी अनघाला फोन केला. रागावून नाही, नुसतं विचारायला. ती म्हणाली, "मावशी, एक बाई आली होती गं. काचेवर हात मारत होती. काहीतरी विकायला आलीय, असं वाटलं आम्हाला. काच खाली घेतली नाही." आणि रडायला लागली. मी तिला गप्प राहा म्हटलं नाही आणि असू दे असंही म्हटलं नाही. कारण ते असू द्यायचं नव्हतं. तिचं नव्हतं आणि माझंही नव्हतं.

तेराव्याला मी गेले. गावात शिरतानाच मोठा फलक लागला होता. हौसाबाईचा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, 'निसर्गाची लेक हरपली'. आणि खालच्या कोपऱ्यात त्या पांढऱ्या बूटवाल्याच्या तंबूंचं नाव, मागे सूर्यास्ताचं चित्र, बुकिंगसाठी फोन नंबर. मी गाडीतून उतरून ते दोनदा वाचलं. विश्वास बसेना, म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. नंतर सभा झाली. ग्रामसभेत हसलेले लोक एकेक करून उठले आणि हौसाबाईंची दूरदृष्टी, हौसाबाईंचं मार्गदर्शन, असं बोलले. तिची योजना लवकरच मार्गी लावू, असंही एक जण म्हणाला. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले आणि म्हटलं, "तिला शिट्टी द्या म्हणाला होतात तुम्ही. दिली होती का?" एवढंच बोलून बसले. शोकसभेत असं बोलू नये, असं नंतर मला एकाने समजावलं. मला पस्तीस वर्षं लोक हेच समजावत आले आहेत, कुठे काय बोलू नये.

भिवाजी सभेत आलाच नाही. तो खाचरात होता. मी बांधावर जाऊन त्याच्याजवळ बसले. तो तसा अबोल माणूस. पाहुण्यांशी तो कधी बोलायचा नाही, सगळं बोलणं तिचंच. त्या दिवशी मात्र म्हणाला, "बाई, लोक म्हनत्यात, येळ आली हुती. म्या म्हनतो, येळ न्हवती आली. जीप फुडं गेली न्हाई."

मी त्या आठवड्यात परत आले नाही, तिथेच राहिले. शुक्रवारी सकाळी सुरेखा आणि वाडीतल्या दहा-बारा बाया टोपल्या घेऊन निघाल्या. कोणी ठराव केला नव्हता, कोणाची परवानगी काढली नव्हती. ओढ्यातले मोठे दगड त्यांनी डोक्यावरून आणले आणि गावापासून जांभळाच्या वळणापर्यंत रस्त्याच्या एका कडेने हात-हात अंतरावर मांडले. एकीने घरचा चुना कालवून आणला, तो दगडांना लावला. पुरुष आधी बघत उभे होते. दुपारी त्यांनीही बैलगाडी काढली. संध्याकाळी पांढरी रेघ ओढल्यासारखी कड दिसायला लागली. पांढऱ्या बूटवाल्याचा माणूस मोटारसायकलवरून आला आणि म्हणाला, "हे बेकायदेशीर आहे." सुरेखा म्हणाली, "व्हय. मग लिवा अर्ज. आमचा बी तिथंच हाय."

शनिवारी गाड्या आल्या. काजवे संपत आले होते, गर्दी थोडी कमी होती. पुष्कळांनी माळावरच गाड्या लावल्या. काही जण भांडले. बाया दगडांपाशी बसून राहिल्या.

रविवारी उजाडताना मी वळणाकडे चालत गेले. जांभळाखालचे सहा-सात दगड कोणीतरी बाजूला लोटले होते आणि तिथे एक मोठी पांढरी गाडी उभी होती. बाजूला घडीची खुर्ची टाकून एक गृहस्थ बसले होते. छोट्या शेगडीवर त्यांचा चहा उकळत होता. समोर जलाशय होता आणि ते त्याचे फोटो काढत होते. मी म्हटलं, "गाडी काढा."

ते वळले. माणूस सभ्य होता. "पाच मिनिटं, आजी. चहा झाला की निघतोच. इथून व्ह्यू फार सुंदर आहे हो."

"इथे एक बाई मेली आहे," मी म्हटलं. "गाडी काढा. आत्ता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शेगडी बंद केली, खुर्ची मिटली आणि गाडी काढली. तोवर सुरेखा मागून आली होती. कमरेला पदर खोचून तिने एक दगड उचलला आणि त्याच्या जागी ठेवला. माझ्या डॉक्टरने मला वजन उचलायला मनाई केली आहे. मी दुसरा उचलला.